रस्त्याने वाढलेला कर रस्त्याकडे
करवृद्धी क्षेत्रे आणि बुलढाणा जिल्ह्यातील नगरे

वऱ्हाडातील कापसाच्या व्यापाराने जी गावे शहरे झाली, त्यांत खामगावचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. येथे 1867 साली नगरपालिका स्थापन झाली आणि 1870 मध्ये जलंब स्थानकापासून खामगावपर्यंत लोहमार्गाचा फाटा आला. कापसाचा बाजार, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि वखारी यांच्याभोवती रस्ते निघाले. रस्त्यांच्या कडेच्या जागांना मोल आले. जागेचे मोल हे मालकाच्या पैशाइतकेच शेजारून जाणाऱ्या रस्त्याचे, स्थानकाचे आणि बाजाराचे देणे असते, हे खामगावच्या व्यापाऱ्याला कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. परंतु त्या वाढलेल्या मोलाचा काही अंश रस्ता बांधणाऱ्या संस्थेकडे परत कसा यावा, हा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही.

बुलढाणा जिल्ह्यात आज 11 नगरपरिषदा असून मोताळा व संग्रामपूर येथे नगरपंचायती आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार खामगावची लोकसंख्या 94 हजारांवर, जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या बुलढाणा शहराची 67 हजारांवर, तर राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान असलेल्या सिंदखेडराजाची अवघी 16 हजारांवर होती. शहरे लहान-मोठी असली तरी त्यांच्यापुढील कामांची यादी थोड्याफार फरकाने एकच आहे. जुन्या जलवाहिन्या बदलणे, सांडपाण्याची बंदिस्त व्यवस्था, पावसाळी नाल्या आणि शहराच्या कडेने वाढत गेलेल्या वस्त्यांमधील रस्ते ही ती कामे होत. त्यांपैकी बहुतेक कामे राज्याच्या व केंद्राच्या अनुदानातून होतात. नगरपरिषदेने स्वतःचा हिस्सा भरावयाचा असतो आणि अनेकदा तोच भरणे अवघड जाते.

याचे कारण समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. नगरपरिषदांच्या हद्दीतील जकात 1999 मध्ये रद्द करण्यात आली. नाक्यावर रोजच्या रोज जमा होणारा तो पैसा थांबला आणि त्याच्या जागी शासनाचे सहायक अनुदान आले. स्वतःचा म्हणावा असा मोठा कर त्यानंतर एकच उरला, तो मालमत्ता कर. सामान्य नागरिकाच्या भाषेत घरपट्टी. शहराच्या विकासाचा स्वतःचा पैसा उभारावयाचा तर तो याच करातून, किंवा याच कराच्या भरवशावर काढलेल्या कर्जातून उभा राहणार, हे उघड आहे.

करवृद्धी क्षेत्र म्हणजे काय?

मालमत्ता करावर आधारलेली एक पद्धत अमेरिकेत सत्तर वर्षांहून अधिक काळ वापरात आहे. तेथे तिला 'टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग' असे म्हणतात. आपण तिला करवृद्धी क्षेत्राची पद्धत म्हणू. तिची कल्पना साधी आहे. शहराचा एखादा भाग सीमा आखून निश्चित करावयाचा. त्या दिवशी त्या भागातून जेवढा मालमत्ता कर येणे असेल तो 'मूळ कर' म्हणून नोंदवून ठेवावयाचा. पुढील ठरावीक वर्षे मूळ कराइतकी रक्कम नेहमीप्रमाणे नगरपालिकेच्या सर्वसाधारण निधीत जाते. कर त्याहून जेवढा वाढेल, तेवढी वाढ मात्र वेगळ्या खात्यात जमा होते आणि ती त्याच भागातील रस्ते, नाल्या, जलवाहिन्या यांसाठी, किंवा त्यांकरिता काढलेल्या कर्जाच्या फेडीसाठीच खर्च करता येते. मुदत संपली की सीमा पुसली जाते व संपूर्ण कर पुन्हा सर्वसाधारण निधीत येऊ लागतो.

येथे एक गैरसमज प्रथमच दूर केला पाहिजे. या पद्धतीत नवा कर बसत नाही व कराचा दरही वाढत नाही. शेजारच्या वॉर्डातील तशाच घराला जो दर लागू असेल तोच या क्षेत्रातील घराला लागू राहतो. बदलते ते एवढेच, की वाढीव रक्कम कोणत्या खात्यात जावी. याच कारणामुळे ही पद्धत लोकप्रतिनिधींना प्रिय वाटते. आणि तिच्यातील धोकाही, पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, याच कारणात दडलेला आहे.

आकड्यांच्या साहाय्याने

कल्पनेची पारख आकड्यांवरच होते. म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या शहराच्या कडेला 600 मालमत्तांची वस्ती आहे. अनेक भूखंड रिकामे आहेत, रस्ते मुरमाचे आहेत, सांडपाणी उघड्यावर वाहते. या सर्व मालमत्तांचे वार्षिक करयोग्य मूल्य मिळून 40 लाख रुपये आहे आणि कराचा दर, हिशेबाच्या सोयीसाठी, शेकडा 25 धरला. म्हणजे मूळ कर 10 लाख रुपये झाला. रस्ते व नाल्यांच्या कामाचा खर्च दीड कोटी रुपये आहे.

काम झाल्यावर रिकाम्या भूखंडांवर घरे उठतात, दर्शनी जागांत दुकाने निघतात. आठव्या वर्षी मालमत्ता 900 होतात आणि करयोग्य मूल्य 1 कोटी रुपयांवर पोहोचते. कर 25 लाख रुपये झाला. त्यातून मूळ 10 लाख वजा जाता 15 लाख रुपयांची वाढ हाती आली. वरवर पाहता चित्र आकर्षक आहे. पण दीड कोटींचे कर्ज 8 टक्के व्याजाने 15 वर्षांत फेडावयाचे तर वर्षाला सुमारे साडेसतरा लाख रुपयांचा हप्ता पडतो. म्हणजे आठव्या वर्षीही अडीच लाख रुपये कमीच पडतात. पहिल्या दोन-तीन वर्षांत तर वाढ नाममात्र असते, हप्ता मात्र पहिल्या वर्षापासूनच दारात उभा राहतो.

याहून सूक्ष्म प्रश्न पुढेच आहे. या आठ वर्षांत उरलेल्या शहरातही, कोणतेही खास काम न होता, करयोग्य मूल्य शेकडा 30 नी वाढले असे समजू. तसे असेल तर आपल्या वस्तीचे मूल्यही काम न करताच 40 लाखांवरून 52 लाखांवर गेले असते आणि कर 13 लाख झाला असता. याचा अर्थ असा, की 15 लाखांच्या वाढीपैकी 3 लाख रुपये रस्त्यामुळे आलेलेच नाहीत. ते एरवीही सर्वसाधारण निधीत आले असते. रस्त्याची खरी कमाई 12 लाख रुपयांची. वेगळ्या खात्यात 15 लाख जातात तेव्हा त्यांतील 3 लाख रुपये शहराच्या इतर भागांतील नागरिकांच्या निधीतून उचलले जातात आणि कोणाच्या ते ध्यानातही येत नाही. त्यातच 300 नवी घरे झाली म्हणजे 300 घरांचा कचरा उचलणे, दिवाबत्ती आणि सफाई आली. तो खर्च सर्वसाधारण निधीवरच पडतो व त्या निधीचा मूळ कर तर 10 लाखांवर गोठवलेला असतो.

मग ही पद्धत टाकाऊ समजावयाची काय? नाही. याच उदाहरणात काम 1 कोटी रुपयांचे असते, तर हप्ता सुमारे पावणेबारा लाखांचा पडला असता आणि 12 लाखांच्या खऱ्या वाढीतून तो निघाला असता. फक्त सुरुवातीच्या वर्षांसाठी राखीव रक्कम हाताशी असावी लागली असती. मूळ कर दरवर्षी शहराच्या सरासरी वाढीइतका वाढवत नेण्याची तरतूद असती, तर शेजाऱ्यांच्या निधीला हातही लागला नसता. पद्धत उपयोगाची आहे, परंतु ती कामाचा आकार ठरवून देते. वाढ जेवढी पेलेल तेवढेच काम तिच्यातून होते.

अमेरिकेतील अनुभव

कॅलिफोर्निया राज्यात 1952 साली या पद्धतीला घटनादुरुस्तीने पक्का आधार मिळाला. तेथील सुमारे 400 पुनर्विकास संस्था पुढे याच वाढीव करावर चालत होत्या. मात्र तेथे एकाच घरावर शहर, परगणा आणि शाळा मंडळ यांचे कर एकत्र बसतात. वाढीव कर पुनर्विकासाकडे वळला की शाळांचे उत्पन्न गोठते आणि ती तूट राज्याच्या तिजोरीला भरून द्यावी लागते. आर्थिक ओढीच्या काळात हा भार राज्याला सोसवेना. 1 फेब्रुवारी 2012 रोजी त्या सर्व संस्था विसर्जित करण्यात आल्या. इलिनॉय राज्याने 1977 मध्ये असा कायदा केला. शिकागो शहराने 1984 मध्ये पहिले क्षेत्र घोषित केले व पुढे त्यांची संख्या शंभराहून अधिक झाली. तेथे एका क्षेत्राची मुदत साधारणतः 23 वर्षांची असते. जो भाग आधीच भरभराटीला आला आहे त्याचीच सीमा आखून येणारी वाढ आपल्या खात्यात वळवावयाची, असा आक्षेप शिकागोतील अनेक क्षेत्रांविषयी घेतला गेला आहे. वरच्या उदाहरणातील 3 लाखांचा प्रश्न तो हाच.

महाराष्ट्रात ही अडचण काहीशी सौम्य राहील. येथे घरपट्टीच्याच देयकातून शिक्षण कर आणि रोजगार हमी उपकर वसूल होतो आणि 1962 च्या अधिनियमानुसार तो शासनाकडे भरला जातो. ही रक्कम वाढीच्या हिशेबातून वगळली म्हणजे शाळांच्या पैशाला धक्का लागण्याचे कारण राहत नाही.

आपल्याकडील जुना विचार

सार्वजनिक कामाने वाढलेल्या मोलाचा वाटा सार्वजनिक कामाला मिळावा, हा विचार महाराष्ट्राला परका नाही. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये मुंबईत नगर सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले. मुंबई प्रांताच्या 1915 च्या नगररचना कायद्याने जमिनीच्या मूल्यवृद्धीतून सुधार आकार घेण्याची व्यवस्था केली. विदर्भापुरते बोलावयाचे तर नागपूर सुधार प्रन्यासाचा कायदा 1936 चा. त्यातही सुधार आकार होताच. आज लागू असलेल्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 नुसार नगररचना योजनेतील भूखंडाच्या मूल्यवृद्धीच्या निम्म्यापर्यंत रक्कम योजनेच्या खर्चासाठी मालकाकडून घेता येते. याच अधिनियमात 1992 मध्ये विकास शुल्काचे प्रकरण घालण्यात आले.

असे असताना सुधार आकारातून शहरे का उभी राहिली नाहीत? या आकारात मूल्यवृद्धीचा अंदाज आधी बांधावा लागतो. अंदाज आला की वाद आला. योजनेला अंतिम रूप येईपर्यंत वर्षानुवर्षे जातात. तोपर्यंत जुन्या भावाने ठरलेली रक्कम इतकी क्षुल्लक होते की ती वसूल करण्याचा खर्चही जड वाटावा. शिवाय ज्याच्या हातात अद्याप विक्रीचा पैसा आलेला नाही त्या मालकाकडून एकरकमी आकार मागणे व्यवहारात कठीण असते. मुद्रांक शुल्कावरील अधिभाराचा जो वाटा नगरपरिषदांना मिळतो, तोही मालमत्तेचे हस्तांतर झाले तरच. घर विकलेच नाही तर काहीही येत नाही. करवृद्धीची पद्धत या दोन्ही ठिकाणी सरस ठरते. तिला अंदाजाची नव्हे, प्रत्यक्ष आकारणीची गरज असते. आणि रक्कम दरवर्षी थोडी थोडी येते.

तिचे आणखी एक जवळचे नाते राज्यातील गुंठेवारी अधिनियम, 2001 शी आहे. परवानगीवाचून पाडलेल्या व विकलेल्या लहान भूखंडांच्या वस्त्या नियमित करण्यासाठी हा कायदा झाला आणि 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतची अशी बांधकामे त्याच्या कक्षेत आली. नियमित करताना जमा होणारे शुल्क त्याच वस्तीतील सुविधांवर खर्च व्हावे, हे त्यातील तत्त्व आहे. एका वस्तीचा पैसा त्याच वस्तीच्या खात्यात ठेवण्याचा हिशेब नगरपरिषदांच्या लेखा विभागांना म्हणूनच अगदी नवखा वाटू नये.

अलीकडच्या काळात केंद्र शासनाने 2017 मध्ये मूल्यवृद्धीतून वित्त उभारणीची धोरणचौकट जाहीर केली. त्याच वर्षी पुणे महानगरपालिकेने पाणीपुरवठा योजनेसाठी 200 कोटी रुपयांचे कर्जरोखे 7.59 टक्के व्याजाने विकले. त्यांच्या परतफेडीस मालमत्ता कराच्या उत्पन्नाचा आधार देण्यात आला होता. अर्थात पुण्याने तारण दिला तो संपूर्ण शहराचा कर. एका वस्तीच्या वाढीव करावर कर्ज उभारणे ही त्याहून धाडसाची गोष्ट आहे, आणि ज्या नगरीची लोकसंख्या एक लाखाच्या आत आहे तिने ते धाडस एकटीने करावे असे कोणी सुचवणार नाही.

सारे काही यादीवर

महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, 1965 मध्ये करवृद्धी क्षेत्र या नावाची व्यवस्था नाही. परंतु त्या व्यवस्थेचा पाया ज्यावर उभा राहील ती वस्तू या अधिनियमात आहे. ती म्हणजे कर आकारणी यादी. प्रत्येक घराचे वाजवी वार्षिक भाडे ठरवून, दुरुस्तीपोटी त्यातून शेकडा 10 वजा करून करयोग्य मूल्य काढावयाचे. यादी प्रसिद्ध करून हरकती मागवावयाच्या. त्या ऐकून यादी कायम करावयाची. आणि प्रत्येक चार वर्षांत निदान एकदा ती संपूर्ण नव्याने करावयाची, असा हा क्रम आहे.

हा चार वर्षांचा नियम येथे कळीचा आहे. नवे घर पूर्ण झाले की ते यादीत येते व त्याचा कर सुरू होतो. पण रस्ता झाल्याने जुन्या घराचे भाडे वाढले, तर ती वाढ फेरआकारणी होईपर्यंत करात उतरत नाही. म्हणून करवृद्धी सरळ चढावाने येत नाही, पायऱ्यांनी येते. फेरआकारणीची पायरी चुकली, पुढे ढकलली गेली, किंवा नागरिकांच्या रोषाला भिऊन अर्ध्यावर सोडली गेली, तर कर्जाचा हप्ता फेडण्यास काहीच उरत नाही. फेरआकारणीच्या सूचना घरोघरी गेल्या म्हणजे नगरपरिषदेच्या आवारात काय वातावरण असते, हे कोणत्याही मुख्याधिकाऱ्याला विचारावे.

जुन्या बाजारपेठांची गोष्ट वेगळी आहे. विदर्भात 1949 चा भाडेनियंत्रण आदेश दीर्घकाळ लागू होता. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 अमलात आला आणि त्याने नियंत्रित भाड्यात वर्षाला 4 टक्के वाढीची मुभा दिली. तरीही पिढ्यान्‌पिढ्या भाडेकरूंच्या ताब्यात असलेल्या दुकानांचे नोंदलेले भाडे आणि बाजारातील भाडे यांत मोठी तफावत राहते. भाडे हेच मूल्याचे माप असल्याने, रस्ता कितीही रुंद झाला तरी अशा इमारतींच्या करात वाढ जवळजवळ दिसत नाही. खामगाव किंवा मलकापूरसारख्या जुन्या व्यापारी शहरांच्या मध्यभागी करवृद्धी क्षेत्र आखणे म्हणूनच फारसे फलदायी ठरणार नाही. ते आखावयाचे तर कडेच्या, मोकळे भूखंड असलेल्या भागात. मुंबई महानगरपालिकेने 2010 पासून भांडवली मूल्यावर आधारित आकारणी स्वीकारली, तिच्यामागे हेही एक कारण होते.

आणखी एक दक्षता घेणे अगत्याचे आहे. शहराचे नव्याने सर्वेक्षण केले म्हणजे यादीत कधीच नसलेली घरे, वाढवलेले मजले, राहत्या घरात निघालेली दुकाने मोठ्या संख्येने सापडतात. त्यांच्यावर कर बसला की आकडा एकदम उंचावतो. ही वाढ रस्त्याची नव्हे. ती आजवरच्या दुर्लक्षाची भरपाई होय. सर्वेक्षण आधी करून ही घरे मूळ करात धरली पाहिजेत. क्षेत्र आधी घोषित करून मग सर्वेक्षण केले, तर शहराच्या हक्काचा पैसा एका वस्तीच्या खात्यात जाईल.

आकारणीइतकीच वसुली महत्त्वाची. वरील उदाहरणात मागणी 25 लाखांची असून वसुली शेकडा 70 झाली, तर हाती साडेसतरा लाखच येतील. त्यातून मूळ 10 लाख आधी वेगळे काढले तर कामाच्या खात्यास साडेसात लाख उरतात. कामाचे 15 लाख आधी काढले तर सर्वसाधारण निधीस अवघे अडीच लाख उरतात. तूट कोणी सोसावी हे आदेशातच लिहिलेले नसेल, तर पहिल्याच थकबाकीच्या वर्षी तंटा उद्भवेल. 2021 ते 2026 या कालावधीसाठीच्या पंधराव्या वित्त आयोगाने नागरी संस्थांच्या अनुदानासाठी जी अट घातली, तिचा रोख याच दिशेने होता. राज्याने मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करावेत आणि त्यानंतर कराची वसुली राज्याच्या सकल उत्पन्नाच्या सरासरी वाढीच्या बरोबरीने वाढावी, असे तिचे स्वरूप होते.

शेगाव आणि समृद्धी मार्ग

जिल्ह्यात मूल्यवृद्धी कोठे झाली आहे, हे पाहू गेल्यास दोन ठिकाणे डोळ्यांपुढे येतात. पहिले शेगाव. मुंबई-हावडा लोहमार्गावरील हे स्थानक संत गजानन महाराजांच्या समाधीमुळे देशभर ओळखले जाते. समाधीची शताब्दी 2010 मध्ये झाली. तिच्या निमित्ताने राज्य शासनाने शहराचा विकास आराखडा हाती घेतला व त्यातून रस्त्यांची कामे झाली. रस्त्यालगतच्या जागांवर निवासगृहे, भोजनगृहे, दुकाने उभी राहिली. काम राज्याच्या पैशाने झाले आणि मूल्यवृद्धी जागामालकांना मिळाली. सार्वजनिक पूजेसाठी वापरल्या जाणाऱ्या वास्तूंना करमाफी असते, ते योग्यच आहे. परंतु भोवतालच्या व्यापारी वास्तूंना ती नाही. यात्रेकरूंच्या गर्दीचा पाणी, सफाई व मलनिःसारणावरील भार वर्षभर वाहावा लागतो तो नगरपरिषदेला. आराखडा सुरू होण्यापूर्वी मूळ कर नोंदवून ठेवला असता, तर त्या रस्त्यांच्या देखभालीसाठी स्वतंत्र आणि वाढता निधी हाताशी राहिला असता. राज्याच्या अनुदानातून होणाऱ्या कामांना ही पद्धत विशेष अनुकूल आहे. कर्ज नसल्याने हप्त्याचा धाक नसतो, आणि बांधलेले काम टिकवण्यासाठी वाढीव कर पुरेसा होतो.

दुसरे ठिकाण समृद्धी महामार्गाचे. मुंबई ते नागपूर या 701 किलोमीटरच्या मार्गापैकी सुमारे 87 किलोमीटर मार्ग बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर, लोणार, सिंदखेडराजा व देऊळगावराजा या तालुक्यांतून जातो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी आणि शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. हा मार्ग मोकाट नाही. त्यावर चढण्या-उतरण्याच्या ठरावीक जागा आहेत. म्हणून त्याने होणारी मूल्यवृद्धी मार्गाच्या लांबीवर सारखी पसरत नाही, ती या जागांभोवती एकवटते. मेहकर आणि सिंदखेडराजा ही शहरे या दृष्टीने लक्ष देण्याजोगी आहेत.

परंतु येथे हद्दीचा प्रश्न उभा राहतो. गोदामे, पेट्रोल पंप, भोजनगृहे व भूखंडांचे अभिन्यास निघतात ते बहुधा नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतीच्या क्षेत्रात. तेथील कर ग्रामपंचायतीकडे जातो. तेथे राहावयास आलेली कुटुंबे मात्र बाजार, शाळा, दवाखाना आणि कालांतराने पाणीही शहराकडेच मागतात. हद्दवाढ होईल तेव्हा त्या वस्त्या रस्ते-नाल्यांवाचून शहरात येतील आणि पहिल्या दिवसापासून मागण्यांचा अर्ज घेऊन येतील. त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग असा, की हद्दवाढीचा निर्णय अमलात येईल त्याच दिवशीची आकारणी त्या वस्तीचा मूळ कर म्हणून नोंदवावी. ग्रामपंचायत काळातील कर कमी असल्याने पुढील वाढ ठळक असते. ती सर्वसाधारण निधीत विरघळून जाण्याऐवजी काही वर्षे त्याच वस्तीच्या नाल्या व रस्त्यांकडे गेली, तर नव्याने शहरात आलेल्या नागरिकाला वाढलेल्या देयकाच्या बदल्यात काहीतरी डोळ्यांनी दिसेल.

अंमलबजावणीचा क्रम

अशी व्यवस्था आणावयाची तर प्रथम राज्याला अधिनियमात दुरुस्ती करावी लागेल. वाढीव कर वेगळ्या खात्यात ठेवण्याचा व तो अन्यत्र न वळवण्याचा बंधनकारक आदेश नुसत्या नगरपरिषदेच्या ठरावाने टिकणार नाही. पुढील परिषद वेगळा ठराव करू शकते आणि कर्ज देणारी संस्था हे जाणून असते. कर्ज काढावयाचे झाल्यास 1914 च्या स्थानिक प्राधिकरण कर्जे अधिनियमाखाली शासनाची मान्यता लागेल. लहान नगरपरिषदांनी मिळून एकत्रित कर्ज उभारण्याचा मार्गही विचारात घेता येईल, कारण एखाद-दीड कोटीच्या कर्जासाठी बाजारात जाण्याचा खर्चच परवडत नाही.

क्षेत्र आखताना दोन गोष्टी नागरिकांपुढे उघडपणे मांडल्या जाव्यात. एक, मूळ कर किती व तो कोणत्या तारखेचा; दुसरी, मुदत कोणत्या वर्षी संपते. आकारणी यादीप्रमाणेच याही आदेशावर हरकती मागवण्याची तरतूद हवी, आणि त्या हरकती केवळ क्षेत्रातील रहिवाशांच्या नव्हे, तर क्षेत्राबाहेरील करदात्यांच्याही ऐकल्या जाव्यात. ज्यांच्या निधीतून काही उचलले जाण्याचा संभव आहे ते तेच आहेत. क्षेत्रातील भाडेकरूंचाही विचार करावा लागेल. करयोग्य मूल्य वाढले की वाढीव घरपट्टीचा बोजा भाड्याच्या रूपाने त्यांच्याकडे सरकू शकतो, आणि शहराच्या कडेच्या वस्त्यांत राहणारा हमाल, गवंडी किंवा जिनिंगमधील कामगार बहुधा भाडेकरूच असतो. लहान घरांना वाढ टप्प्याटप्प्याने लागू करण्याची तरतूद ठेवली, तर कामाच्या खात्यात येणारी रक्कम पहिली काही वर्षे आणखी घटेल. ती घट हिशेबात धरूनच कामाचा खर्च ठरवावा लागेल.